परतीचं पाकीट

"काका, बाबांची पहिली कथा तेवढी सापडत नाहीये. तुमच्या दिवाळी अंकाला पाठवली होती म्हणे, नक्कलही ठेवली नव्हती."

विज्ञानकथाकार नारगोळकर जाऊन महिना झाला होता आणि मोबाईलच्या पडद्यावर त्याची मुलगी मला, त्याच्या जुन्या संपादकाला, विचारत होती.

ती कथा मला लख्ख आठवली. त्यात माणसं खिशातल्या काचेत एकमेकांचे चेहरे बघत बोलायची, त्यामुळे कुणालाच खोटं बोलणं साधत नसे. "पटत नाही," असा शेरा मीच मारला होता. सोबत परतीचं, तिकीट लावलेलं पाकीट नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे ती केराच्या टोपलीत गेली. पुढे त्याला वाचत दोन पिढ्या वाढल्या. माझ्या अंकातही तो तीस वर्षं लिहीत होता. त्या कथेचं त्यानं कधी विचारलं नाही आणि चूक कबूल करायला माझी जीभ कधी रेटली नाही.

"असेल इथंच कुठेतरी. शोधतो," मी म्हणालो.

ती पडद्यातून नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"राहू द्या काका," ती हळूच म्हणाली.