चौदा नंबरचं ऊन

नोर्यांगजिन या परीक्षार्थींनी भरलेल्या वस्तीतल्या आपल्या गेमिंग कॅफेत गिल-सूनं हौसेनं सगळीकडे नवी ग्राफिक्स कार्डं बसवली. त्यांच्यातल्या रे ट्रेसिंग या सोयीमुळे गेममधलं ऊन, सावल्या, काचेतली प्रतिबिंबं अगदी खऱ्यासारखी दिसणार होती. स्क्रीनवर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून त्यानं एकुलत्या एका खिडकीवर काळा कागदही चिकटवला. मग गिऱ्हाइकांच्या पाठीमागे त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"काय रे, फरक जाणवतो का?"

"मालक, ते आल्या आल्या बंद केलं मी. गेम अडकतो त्यानं. सावल्या पण बंद, म्हणजे शत्रूला लपायला जागा नको," रामेन नूडल्स ओढत एकजण म्हणाला. बाकीच्यांनी तर मानही वर केली नाही.

चार दिवस हेच. गिल-सूला अन्न गोड लागेना.

पाचव्या दिवशी दुपारी खिडकीजवळच्या चौदा नंबरच्या कॉम्प्युटरपाशी तो थबकला. तिथे ह्योन-जे बसला होता, पलीकडच्या गोशिवॉनमधल्या, म्हणजे परीक्षार्थींच्या स्वस्त लॉजमधल्या, वीतभर खोलीत राहून तिसऱ्यांदा सरकारी परीक्षेची तयारी करणारा. त्याचं रे ट्रेसिंग चालू होतं. खेळत मात्र तो नव्हता. गेममधल्या एका घरात नुसता उभा राहून फरशीवर सरकणारं ऊन बघत होता.

"चला, एक तरी दर्दी निघाला," गिल-सूचा जीव भांड्यात पडला. "सांग बाबा, वाटतं ना खऱ्यासारखं?"

"चालवून घेतो, मालक. माझ्या खोलीला खिडकी नाहीये."

ह्योन-जेनं शेजारच्या काळ्या कागदाकडे पाहिलं.



"इथे होती, म्हणून तर रोज याच खुर्चीवर बसायचो."