पौर्णिमेच्या यादीतलं नाव

"तथागत जन्मताच सात पावलं चालले, ही गोष्ट त्यांच्यामागं अनेक पिढ्यांनी कुणीतरी लिहिली. मी ती खरी मानत नाही."

विहाराचे सचिव तायडे गुरुजी वाचता वाचता इथंच थांबले. त्यांनी नववीतल्या उत्पलाचं भाषण परत केलं आणि बुद्धपौर्णिमेला बोलणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

"धम्म म्हणजे श्रद्धा. माफी माग, मग बोल."

उत्पलाचे डोळे भरले, पण ती माफी मागेना.

फुलं निवडणाऱ्या भागिरथाबाई ताडकन उठल्या.

"गुरुजी, छप्पन साली मी नऊ वर्षांची होती. दीक्षा घेऊन आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले अन् माझ्या डोक्यावर दिले, नदीत सोडायला. वाटे, देव आता डोळेच फोडतील."

"मावशी, ते देव खोटे होते."

"हे कसं कळलं? शंका घेतली म्हणूनच ना? नुसती श्रद्धाच ठेवायची होती, तर घरचे देव काय वाईट होते?"

गुरुजींनी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली.

भागिरथाबाई उत्पलासमोर सतरंजीवर बसल्या. "वाच गं. पौर्णिमेपर्यंत माझा भरवसा नाही. आत्ताच ऐकव."