कारणाचा रकाना

'काढून टाकलं' हे दोन शब्द मिसेस फूरींना लिहायचे नव्हते.

केनेइलवेने फॉर्म पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. बाकी सगळी तयारी झाली होती. ओळखपत्र, बँकेचा शिक्का मारलेला कागद, काम शोधत असल्याची नोंद, सगळं एका पिशवीत घालून तिने दाराच्या खिळ्याला अडकवलं होतं. उद्या सकाळी आठ वाजता बेकारभत्त्यासाठी तिला कामगार कचेरीत बोलावलं होतं. राहिला होता एक रकाना, नोकरी सुटण्याचं कारण, आणि त्याखाली मालकिणीची सही.

"बावीस वर्षांत मी तुझ्यावर कधी आवाज चढवला नाही, सेलिना," मिसेस फूरी म्हणाल्या. या घरात केनेइलवेचं नाव सेलिना होतं. "आणि आता लिहू, की हाकललं? चर्चमध्ये काय तोंड दाखवू?"

"हे चर्चमध्ये कुणी वाचत नाही, मॅडम. कचेरीतली बाई वाचते. 'स्वतःहून सोडली' असं असलं तर भत्ता मिळत नाही. दोनदा सांगितलंय तिने."

"मी सोबत पत्र देते ना. बाई प्रामाणिक आहे, हात स्वच्छ आहे. माझं पत्र वाचल्यावर ती नाही कशाला म्हणेल?"

"मग घर विकलं म्हणून काम संपलं, असं लिहा."

"शब्द फिरवून तेच झालं."

घर विकलं गेलं होतं. शनिवारी मिसेस फूरी वृद्धाश्रमात जाणार होत्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. सही करणारं दुसरं कुणी नव्हतं.

केनेइलवे कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. भिंतीपलीकडे शेजारच्या घरची कामवाली, मोइपोने नावाची, चादरी वाळत घालत होती.

"काय औसी," तिने ताई म्हणावं तशी हाक मारली, "लिहिलं का म्हातारीने?"

"नाही. म्हणते, मी तुला टाकलं असं कसं लिहू."

"तुझंच चुकलं. बावीस वर्षांत एक बशी फोडली नाहीस. मला बघ, तीन घरांतून हाकललंय. तिन्ही वेळा भत्ता मिळाला, तोही मान ताठ ठेवून." मोइपोने तोंडात चिमटा धरून हसली. मग चिमटा काढून म्हणाली, "मी चेष्टा करत नाहीये."

मे महिना होता, इथल्या हिवाळ्याची सुरुवात. वारं कोरडं आणि गार सुटलं होतं. वस्तीतल्या केनेइलवेच्या घरी तिच्या मुलीची दोन लेकरं होती, आणि चुलीवर काय चढणार हे आतापर्यंत या स्वयंपाकघरातून ठरत आलं होतं. चोपन्नाव्या वर्षी कामाला नवं घर मिळायला किती दिवस लागतील, ते कुणीच सांगत नव्हतं. केनेइलवेने कपड्यांची घडी न घालताच ते उराशी धरले आणि ती आत आली.

टेबलाशी मिसेस फूरी तशाच बसल्या होत्या. पेन हातात, टोपण लावलेलं. केनेइलवे मांडणीतली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवू लागली. बश्या झाल्या, पेले झाले. मग तिने सूप वाढायचं मोठं, निळ्या काठाचं चिनी मातीचं भांडं उचललं. ते मिसेस फूरींच्या आईचं होतं. दर रविवारी केनेइलवे ते स्वतः धूत असे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

तिने ते छातीपर्यंत वर घेतलं आणि दोन्ही हात उघडले.

भांड्याचे फरशीवर तुकडे झाले. केनेइलवे मान खाली न घालता मालकिणीकडे बघत उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

मिसेस फूरी खुर्चीला धरून उठल्या. तुकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"लागलं नाही ना तुला?"

"मी मुद्दाम टाकलं, मॅडम."

"वेडी." त्यांनी तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "थरथरतोय बघ, म्हणून निसटलं. माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नाही. वय झालं आपल्या दोघींचं."

त्या पुन्हा बसल्या. पेनचं टोपण निघालं. केनेइलवे खाली वाकली होती. तुकडे गोळा करता करता तिला वर कागदावर पेन चालल्याचं ऐकू येत होतं. बराच वेळ चाललं.

"ऐक," मिसेस फूरी म्हणाल्या आणि सावकाश वाचू लागल्या. "'हात थकल्यामुळे तिने स्वतःहून काम सोडलं. माझी तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही.' आता कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही."

त्यांनी सही केली, शाईवर फुंकर घातली आणि फॉर्म पुढे केला.

केनेइलवे उठली. मोठ्यांकडून काही घ्यायचं ते दोन्ही हातांनी, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तिने तुकडे टेबलावर ठेवले, हात झग्याला पुसले आणि दोन्ही हातांनी कागद घेतला.

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली.