नवऱ्याचा रकाना

"अंगावरची खूण?" कारकुनाने विचारले.

"खूण कशाला हवी?" कस्तुरबाई भडकली. "आम्ही आवळीखाली जेवायला चाललोय, दरोडा घालायला नाही."

घाटघरच्या वाटेवर जंगलखात्याच्या नाक्यापाशी बैलगाड्या खोळंबल्या होत्या. जुन्नरच्या पेठेतल्या या बायका दर कार्तिकात रानात येऊन आवळीच्या झाडाखाली जेवत. कस्तुरबाई जैन, कापडवाल्या सुवालालची बायको. तीही आपला वेगळा डबा घेऊन त्यांच्यात बसे. यंदा ते रान सरकारने राखीव केले होते. आत पाऊल टाकायचे तर परवाना हवा, आणि परवान्यावर प्रत्येकीचे नाव, वय, अंगावरची खूण, नवऱ्याचे नाव, सासरचे गाव. कागद मग त्या त्या गावी जाणार. तिथल्या पाटलाने तो चावडीवर वाचायचा आणि खात्री करून परत धाडायचा.

"चावडीवर?" साळुबाई म्हणाली. "माज्या मांडीवरचा तीळ पाटील समद्या गावाला वाचून दावनार?"

"नियम आहे, बाई."

कारकून नवा होता, नुकताच बदलून आलेला. कागदावरून मान वर करत नव्हता.

"बगा गं! त्वांड बगत न्हाई, पर तीळ पायजे!"

बायका हसल्या. त्या हसण्यात रागच जास्त होता.

ठकूबाई हसली नाही. कारकून बोलू लागला तशी ती गाडीच्या चाकाआड सरकली होती. पदर तिने भुवयांपर्यंत ओढून घेतला होता. पेठेत कुठेही लग्नकार्य असले की पुरणपोळ्या लाटायला आणि सवाष्ण म्हणून जेवायला तिलाच बोलावणे येई. नवरा मुंबईला गोदीत आहे, असे ती सांगे. त्या एका वाक्यावर तिला राहायला खोली मिळाली होती. खरे काय ते तिच्या सासरी, लोणीला, सगळ्यांना ठाऊक होते. नवऱ्याने तिला दंडाला धरून बाहेर काढले होते आणि दुसरी केली होती. जुन्नरला आल्यावर तिने सासरचे नाव टाकून माहेरचे पुन्हा लावले होते. लोणीच्या पाटलाचे उत्तर पेठेत पोचले, की खोलीही जाणार होती आणि पंगतीतले पानही.

"चला माघारी," ती म्हणाली. "एक दिस रानात न्हाई जेवलं तर काय मरतोय का आपुन?"

"माघारी का म्हणून?" कस्तुरबाई उसळली. "पेठेतले पुरुष इथे शिकारीला येतात. त्यांना कोणी बायकोचं नाव विचारलं?"

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. "नवऱ्याचे नाव?"

नवऱ्याचे नाव तोंडाने कोण घेणार? मग तोड निघाली. साळुबाईने कस्तुरबाईच्या नवऱ्याचे नाव सांगितले, कस्तुरबाईने साळुबाईच्या. बाकीच्यांनीही तसेच एकमेकींचे निभावले. कारकून लिहीत गेला.

"आता कोण राहिले?"

कस्तुरबाईने ठकूबाईला हाताला धरून पुढे आणले आणि नाव, वय सांगून टाकले.

"खूण?"

"मनगटावर डाग हाय. भाजल्याचा."

"कशाने भाजले?"

"उलथन्यानं."

टाक पुढे सरकला. "नवऱ्याचे नाव?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. इतकी वर्षे एका पंगतीत बसूनही ते कोणालाच माहीत नव्हते.

"उखान्यात घे की, ठके," साळुबाई कुजबुजली.

ठकूबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"बाई, मला दिवसभर वेळ नाही. नवरा आहे ना? का टाकलेली म्हणून लिहू?"

"जिभेला हाड आहे का तुमच्या?" कस्तुरबाई ओरडली. "सणासुदीला बाईमाणसाला असं बोलता?"

"रकाना रिकामा सोडता येत नाही. टाकलेली असेल तर तसे सांगावे. त्यात लपवायचे काय?"

ठकूबाईने पदर मागे सारला. ती टेबलाला अगदी लागून उभी राहिली.

"त्यांचं नाव म्या घ्यायची न्हाई, आमच्यात तशी रीत न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी लिवा की. सोताचं नाव लिवाया तुमाला दुसऱ्यानं सांगाया पायजे व्हय?"