लाल नाड्यांचे बूट

"फुमी, पाहुण्यांच्या बुटांची तोंडं दाराकडे ठेवायची, एवढंही कळत नाही?" जपानी सराईच्या मालकीण तोमिएबाई मोलकरणीवर कडाडल्या. आज तैवानची एकच पाहुणी येणार होती आणि कुठली गाडी धरू, हे विचारायला सारखे फोन करून तिनं डोकं खाल्लं होतं. बूट दारात होते, म्हणजे आल्या आल्या आंघोळीला गेली असणार.

"दोनदा फिरवले, मालकीणबाई. पुन्हा आत वळतात."

"बूट काय आपले आपण वळतात?"

तणतणत त्यांनीच ते फिरवले. बूट आतून ऊबदार होते.

तेवढ्यात फोन वाजला. तीच पाहुणी.

"माफ करा, माझी गाडी चुकली. उद्या येते."

"मग दारातले हे लाल नाड्यांचे बूट कुणाचे?" तोमिएबाईंनी दातओठ खात विचारलं.

"लाल नाड्यांचे? ते तर माझ्या पायात आहेत."

तोमिएबाईंनी वळून पाहिलं. बूट पायरी चढून वर आले होते, तोंडं आत करून.