जंगलात टिकेल असा

"आला गं तो, गास गावचा मुलगा," डायनाची आई मार्था स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि जरा बरा ड्रेस घाल!"

डायनाने ओले हात टी-शर्टला पुसले आणि ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली. ओळखीच्या आग्नेलने शब्द पाळला होता. नंदाखाल गावच्या चर्चबाहेर तिने त्याच्या कानावर घातलं होतं, जंगलात कामाला कुणी मिळतंय का बघ. आधीचे दोघं मदतनीस पळून गेले होते. आता माणूस मिळाला नाही, तर केरळच्या डोंगरातलं तिचं संशोधन गुंडाळावं लागणार होतं.

कॅल्विन खुर्चीत ताठ बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. त्याच्यासोबत आलेली प्रिस्का मावशी केकचा डबा घेऊन थेट आत मार्थाकडे गेली. कामाच्या मुलाखतीला मावशी! डायनाने हसू दाबलं.

"काय करता?"

"शाळेत विज्ञान शिकवतो."

"वालुमाशी माहीत आहे?"

तो गडबडला. "नाही."

डायनाची कळी खुलली. "डासापेक्षाही बारीक. गुणगुणत नाही. धड उडतही नाही, नुसती टुणटुण उड्या मारते. साध्या मच्छरदाणीतून आरामात आत येते. तिच्या चावण्यातून रोग पसरतो. तिथल्या पाड्यांवर पोरांच्या गालांवर जखमा आहेत, महिनोन्महिने भरत नाहीत."

"आणि तुम्ही तिथे मुद्दाम जाता?"

"ती कुठल्या बिळात, कुठल्या वारुळात वाढते ते कळलं, तर पुढच्या पोरांचे गाल वाचतील."

कॅल्विन तिच्याकडे बघतच राहिला. कुणीतरी नीट ऐकतंय, हे डायनाला फार दिवसांनी जाणवलं.

"संध्याकाळी सापळे लावायचे, पहाटे काढायचे. जळवा आहेत. फोन लागत नाही. जमेल?"

"तुम्ही असाल ना बरोबर?"

"म्हणजे काय! सतत."

"मग जमेल."

"मी कामात चिडते."

"मला सातवीच्या वर्गाची सवय आहे."

डायना खळखळून हसली. आत कपबश्यांचा आवाज एकदम थांबला.

असा माणूस हातचा घालवण्यात अर्थ नव्हता. ती उठली आणि तिने हात पुढे केला. "माझ्याकडून नक्की. सोमवारी निघू या, आपण दोघंच. तीन महिने तंबूत राहायची तयारी ठेवा."

कॅल्विन कानापर्यंत लाल झाला. त्याने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"लग्नाआधीच?"