दोन फ्लॅश आणि सोनुबाई

सुनयनाला निपाणीतल्या लग्नाच्या फोटोंची पहिली ऑर्डर मिळाली. नवरीची अट एकच होती, "आक्काच्या अल्बममध्ये सगळे कोर्टात तारखेला आल्यागत दिसत्यात. माझ्या लग्नात माणसं हसली पाहिजेत."

आता फ्लॅश घ्यायचा होता. कॅमेऱ्याच्याच कंपनीचा परवडत नव्हता, म्हणून बेळगावच्या दुकानातून दुसऱ्या कंपन्यांचे दोन फ्लॅश, एक महाग आणि एक स्वस्त, तिनं एका दिवसासाठी मागून आणले. मी तिचा फोटोग्राफीचा जुना मास्तर. म्हटलं, "अगं, परीक्षा घ्यायची तर अवघड प्रश्नानं घे. तुझ्या आजीचा फोटो काढ." फोटोत हसलेल्या सोनुबाई आजी अजून कुणी पाहिलेल्या नाहीत.

महाग फ्लॅश लागोपाठ पाच वेळा उडला. पाचही फोटोंत सोनुबाई ओठ मिटून, श्वास रोखून बसलेल्या.

स्वस्त फ्लॅश एकदाच उडला. पुन्हा चार्ज व्हायला त्याला पाच सेकंद लागत होते. मी समजावू लागलो, "बघितलंस? लग्नात हा असा थांबला तर..."

तेवढ्यात सोनुबाईंनी खांदे सैल सोडले आणि खळखळून हसल्या, "झाला न्हवं फोटो? लई छळतीस बघ!" सुनयनाचं बोट मात्र बटणावरच होतं. तो फोटो फ्लॅशशिवाय, अंगणातल्या उजेडातच निघाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. स्वस्त फ्लॅश बाजूला सारत दुकानदार म्हणाला, "ह्याच किमतीत लगेच चार्ज होणारा नवा आलाय. तो देऊ?"


"नको अण्णा, हाच द्या," सुनयना म्हणाली, "माणसांना हसायला पाच सेकंद लागत्यात."